झेंडे बदलले, गट कायम

पक्षांमधील वैचारिक दरी रुंदावत असल्याचे बोलले जात असले, तरी शिरूर-दौंडचा मतदार त्यानुसार विभागला गेल्याचे दिसत नाही. दौंडमध्ये राहुल कुल 2009 मध्ये राष्ट्रवादीकडून पराभूत झाले. 2014 मध्ये राष्ट्रीय समाज पक्षाकडून, तर 2019 व 2024 मध्ये भाजपकडून विजयी झाले. त्यांना 2009 मध्ये हरविणारे रमेश थोरात तेव्हा अपक्ष होते, पुढे राष्ट्रवादीचे उमेदवार झाले. चिन्हे बदलली, लढत मात्र कुल-थोरात अशीच राहिली. 2019 मध्ये तर फरक जेमतेम 746 मतांचा होता. एका बाजूला भीमा-पाटस कारखाना, दुसऱ्या बाजूला जिल्हा बँक. गावोगावच्या निष्ठा याच भोवती बांधल्या गेल्या. ऊस आणि कर्ज ज्याच्या हाती, त्याच्याशी वैर शेतकऱ्याला परवडत नाही.

शिरूर लोकसभेत 2024 ला आमनेसामने आलेले अमोल कोल्हे व शिवाजीराव आढळराव दोघेही पूर्वाश्रमीचे शिवसेनेचे. लढले मात्र राष्ट्रवादीच्या दोन गटांकडून. कोल्हे यांना निवडून देणाऱ्या या मतदारसंघातील शिरूर विधानसभेने नोव्हेंबरात अजित पवार गटाचे ज्ञानेश्वर कटके यांना आमदार केले. दौंडनेही लोकसभेला सुप्रिया सुळे यांना आघाडी दिली आणि काही महिन्यांतच भाजपच्या कुल यांना विधानसभेत धाडले.