हाना म्हणजे फूल

मार्केट यार्डाच्या फुलबाजारात झेंडू किलोवर जातो, गुलाब गड्डीवर. मुलांच्या अब्बांचा तिथे लहानसा गाळा आहे. लेक मात्र जवळच, गुलटेकडीच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकते. पहिली फी भरताना अब्बांनी विचारलं होतं, “ही भाषा घरात बोलणार कोणाशी?” आता पुढच्या वर्गाची फी आली आहे.

परवा रात्री तिने हिशेबाच्या पट्टीमागे ‘फूल’ हे अक्षर काढलं. एकट्याने आलं की उच्चार ‘हाना’, जोडशब्दात बऱ्याचदा ‘का’. सात रेघा. जपानी मुलं ते पहिलीतच शिकतात. वर गवताची खूण. खाली डावीकडे उभा माणूस, उजवीकडे उलटा झालेला माणूस; दोघे मिळून ‘बदल’.

अब्बा चष्मा सावरून म्हणाले, “उलटा तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा झेंडूवाला!”

लेक हसली, पण तिने सांगितलं, की खालचा भाग मुळात ‘का’ हा आवाज दाखवण्यासाठी घेतला आहे. गवत आणि बदल यांची गोष्ट लक्षात ठेवायला बरी. मला हा तिचा प्रामाणिकपणा आवडला. शिकवताना गोष्ट रंगवायचा मोह मलाही होतो.

जुन्या जपानी कवितेत नुसतं ‘हाना’ म्हटलं तरी बहुतेकदा चेरीचा बहर समजतात. तो जेमतेम आठवडाभर टिकतो, म्हणून माणसं डबे घेऊन झाडाखाली बसतात. त्याला ‘हानामी’ म्हणतात, फूल पाहणं. शोभेची दारू म्हणजे ‘हानाबी’, आगीचं फूल. नवरी ‘हानायोमे’, फुलांची वधू. मला माझ्या निकाहातला सेहरा आठवला. मोगऱ्याच्या वासाने डोकं दुखलं होतं, तेही आठवलं.

अब्बांचं लक्ष वेगळ्याच गोष्टीने वेधलं. पांढरी शेवंती तिथे मयतीला वाहतात. “म्हणजे जपानी पाहुण्याला ती द्यायची नाही,” ते म्हणाले, आणि मग पेन मागितलं. वरचं गवत जमलं, उलटा माणूस तीनदा चुकला. लेकीने हात धरून गिरवून घेतला. मी बघत राहिले. लहानपणी तिला ‘अलिफ’ त्यांनीच असा गिरवून दिला होता.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जपानीची परीक्षा असते. पहाटे गाळ्यावर निघताना ती पट्टी त्यांच्या खिशात होती. फीचं अजून काही बोललेले नाहीत.