कळ दाबली की ग्रंथ मिळतो?

सारे काही संगणकात मिळते, मग ग्रंथालयाची पायरी चढायची कशाला, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. त्यावर ग्रंथपाल संगणकालाच नावे ठेवतील, अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. विद्यार्थ्यांना डिजिटल भांडाराची खाती उघडून द्यायला बहुतेक ठिकाणी तेच धडपडतात. त्यांचे दुखणे निराळे. भांडार घेतले म्हणजे काम संपले, असे संस्थाचालकांना वाटते आणि विद्यार्थ्यांनाही!

भांडारे थोडीथोडकी नाहीत. इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगे’त देशभरच्या विद्यापीठांतील प्रबंध खुले आहेत. खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली राष्ट्राला अर्पण झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३ हजार नियतकालिके! सरकारी शिक्षणसंस्थांपुरती का होईना, सोय मोठीच. पण ही नियतकालिके बहुतांशी इंग्रजी. मराठी किंवा इतिहास घेऊन बी.ए. करणाऱ्याने काय करावे?

एक उदाहरण घेऊ. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ग्रामव्यवस्थेवरील प्रसिद्ध ग्रंथ १९१५ सालचा. तेव्हाच्या लेखनरीतीप्रमाणे त्याचे नाव ‘गांव-गाडा’, डोक्यावर अनुस्वार आणि मध्ये रेघ. असले अनुस्वार पुढे १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी गेले. आजचा विद्यार्थी साहजिकच ‘गावगाडा’ असे लिहून शोधतो. नोंद रोमन लिपीत असेल तर ती कोणत्या उच्चाराने केली, हे करणाऱ्यालाच ठाऊक! संगणक अक्षराला अक्षर जुळवत बसतो आणि एका टिंबापायी ‘काही सापडले नाही’ असे सांगून मोकळा होतो. विद्यार्थी समजतो, तिथे हा ग्रंथच नाही. ग्रंथपाल मात्र तेच नाव चार तऱ्हांनी लिहून पाहतो, लेखकाच्या आडनावाने पाहतो, विषयाने पाहतो. तरीही नाही मिळाले तर उठून कपाटाकडे जातो. ही विद्या वर्गणीबरोबर येत नाही.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांत वाचकाचा वेळ वाचवण्याचेही एक सूत्र आहे. संगणक तो वाचवतो खरा, पण नेमके काय मागायचे हे ज्याला कळते त्याचाच.

म्हणून माझे मत असे, की प्रथम वर्षाच्या वेळापत्रकात आठवड्याचा एक तास ग्रंथपालांच्या हवाली करावा. प्राध्यापकांनीही प्रकल्पाचा विषय देताना एखादा जुना मराठी संदर्भ शोधून आणण्याची अट घालावी. नाहीतर मार्गदर्शिकेतली (गाईड म्हणा हवे तर) पाने उतरून काढण्याचा आमचा उद्योग चालूच राहील. आणि ओळखपत्रे वाटणे, परीक्षेच्या उत्तरपत्रिका मोजणे असल्या कामांतून ग्रंथपालांची थोडी सुटका करावी. यासाठी निराळा निधी लागत नाही. पुढच्या जूनमध्ये वेळापत्रक नव्याने लागेल, तेव्हाच हे ठरवता येईल.