पोटॅशच्या पोत्यातले ठिपके



म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, असे सांगितले की पुष्कळजण दचकतात. विहिरीत टीसीएल टाकल्यावर वास येतो तोच का हा क्लोरीन? मग पीक जळेल की!

हायस्कुलात जाणाऱ्या मुलीची विज्ञानाची वही मागून घ्या. मूलद्रव्याच्या खुणेभोवती ठिपके दिसतील. ही रीत अमेरिकन शास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली मांडली. ठिपका म्हणजे अणूच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन. पोटॅशियमला एक ठिपका, क्लोरीनला सात. आठ झाले की घर भरले. म्हणून पोटॅशियम आपला एक देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो. मग पोटॅशियमभोवती ठिपका उरत नाही, डोक्यावर अधिकची खूण येते. क्लोरीनचे आठ ठिपके चौकटी कंसात, बाहेर वजाची खूण. हे झाले आयन.

हलला एकच ठिपका, पण गुण पार पालटला. पोटॅशियम धातू पाण्यात पडताच पेटतो, क्लोरीन वायू विषारी. खत मात्र मुकाट विरघळते.

चिकणमातीच्या कणांवर वजा भार असतो. अधिकचा पोटॅशियम त्यांना चिकटून राहतो, वजाचा क्लोराइड पाण्याबरोबर खाली जातो. अर्थात निचरा असेल तर. खारवट, पाणी धरणाऱ्या रानात तो साचतो. उसाला म्युरेट खुशाल घाला. द्राक्षाला जादा क्लोराइड मानवत नाही, तंबाखूचे पान त्याने नीट जळत नाही. तिथे महाग पडले तरी सल्फेट ऑफ पोटॅशच घ्यावे.