साठ दिवस मागून घ्या

१ ऑक्टोबर २०२५ ला सरकारी शटडाऊन सुरू झाला आणि वॉशिंग्टनमधल्या फेडरल कचेऱ्यांना टाळे लागले. दुसऱ्या दिवशी दसरा होता. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, टाळे तसेच. १२ नोव्हेंबरला ते निघाले तेव्हा ४३ दिवस उलटले होते. २०१८-१९ चा ३५ दिवसांचा विक्रमही मोडला.

तेव्हा वॉशिंग्टन परिसरातले आपण मराठी लोक एकमेकांना धीर देत होतो, "पगार बुडत नाही, नंतर मिळतोच." फेडरल कर्मचाऱ्यांना मिळतो, २०१९ च्या कायद्याने तशी हमी आहे. पण घरमालकाला 'नंतर' हा शब्द कळत नाही. शिवाय त्याच इमारतीत कंत्राटदार कंपनीमार्फत काम करणारा सफाईवाला, पहारेकरी किंवा आपला आयटीवाला यांना ती हमीही नाही.

राज्यांनी थोडीफार लाज राखली. कनेक्टिकटने २०१९ मध्ये बँकांमार्फत बिनव्याजी कर्जाची सोय केली. मेरीलँडने पगाराविना कामावर येणाऱ्या फेडरल कर्मचाऱ्यांना ७०० डॉलर बिनव्याजी देऊ केले. वॉशिंग्टन परिसरात तेवढ्यात भाड्याचे काय होणार? पण कर्ज तरी मिळाले, हेही खरे.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो व्हर्जिनियाचा कायदा, कारण तो पैसे देत नाही, वेळ देतो. शटडाऊन सलग १४ दिवस किंवा जास्त चालला आणि त्यापायी भाडे थकले, तर घर खाली करण्याच्या दाव्यात भाडेकरूला ६० दिवसांची मुदत मागता येते. स्वतःचे घर असेल तर जप्तीला ३० दिवसांची स्थगिती. आणि यात कंत्राटी माणूसही बसतो!

फक्त ही मुदत आपोआप मिळत नाही. तारखेला कोर्टात उभे राहावे लागते, पगार थांबल्याचा लेखी पुरावा द्यावा लागतो. इथेच आपले घोडे अडते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्यात मुरलेले. त्यात भाडे थकल्याची लाज. नोटीस खणात ठेवून घरी बसलात, तर हक्काचे घर हातचे जाईल. या एका बाबतीत शहाण्याने पायरी चढावीच. बिनपगारी रजेचे पत्र, कंपनीचा ईमेल, पगाराची शेवटची पावती आजच एका फाइलमध्ये लावून ठेवा.

आपल्या मराठी मंडळांनी आणखी एक करावे. पुढच्या कार्यक्रमात नाटकाच्या मध्यंतरात दहा मिनिटे काढून ही माहिती सांगावी. कोणाचा पगार थांबला आहे, ते चारचौघांत विचारू नये.

आणि आमदारांना लिहा. व्हर्जिनियावाल्यांनी रिचमंडला लिहावे, की १४ दिवसांची अट काढा. भाडे पहिल्या दिवसापासूनच चढते. मेरीलँडवाल्यांनी ॲनापोलिसला लिहावे, की कर्जात कंत्राटी माणसांनाही घ्या. मतदानाचा हक्क नसला तरी पत्र लिहिता येते. दोन्हीकडची अधिवेशने जानेवारीत सुरू होतात. पत्र त्याआधी पोचू द्या.