न्यूनतम दर आणि खरी किंमत

अमेरिकेतील लिव्हरमूर येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत ५ डिसेंबर २०२२ रोजी लेसरच्या साहाय्याने अणुसंमीलन घडविण्यात आले. लेसरने लक्ष्यावर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर पडली. शास्त्रज्ञांचे कौतुक झाले ते रास्तच. परंतु त्या लेसरला क्षणार्धात वीज पुरविणाऱ्या हजारो धारित्रांची, म्हणजेच कपॅसिटरांची, दखल फारशी कोणी घेतली नाही.

धारित्राने वीज सावकाश साठवावयाची आणि सेकंदाच्या अल्पांशात सोडावयाची. कमी जागेत अधिक ऊर्जा साठविण्याचा एक मार्ग म्हणजे विद्युतदाब वाढविणे. दाब दहा टक्क्यांनी वाढविला की साठा एकवीस टक्क्यांनी वाढतो. मात्र धारित्राचे आयुष्य त्याहून कितीतरी वेगाने घटते.

हे आयुष्य केवळ कागदी गणिताने कळत नाही. त्यासाठी नमुन्याची धारित्रे हजारो वेळा भारित करून रिकामी करावी लागतात. आधुनिक धारित्रांत प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर धातूचा अतिसूक्ष्म थर असतो. दुबळ्या जागी ठिणगी पडली की तेवढाच धातू जळतो व धारित्र स्वतःला सावरते. पण दरवेळी त्याची धारकता किंचित कमी होते. ही घट सामान्यतः पाच टक्क्यांवर गेली की त्याचे आयुष्य संपले असे मानतात. चाचणीत महिने जातात, नमुने खर्ची पडतात आणि हाती येतो तो आकड्यांचा तक्ता. साहजिकच काटकसरीची कात्री प्रथम येथेच चालते.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशा स्पंदशक्तीवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे; तेव्हा हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. सरकारी खरेदीत न्यूनतम दराच्या निविदेला झुकते माप मिळते. समजा, एक धारित्र एक लाख रुपयांचे असून दहा हजार स्पंद टिकते. दुसरे दीड लाखाचे असून तीस हजार टिकते. पहिल्याचा प्रत्येक स्पंद दहा रुपयांना पडतो, दुसऱ्याचा पाच रुपयांना. चाचणीवाचून हा हिशेब मांडताच येत नाही. शिवाय एक धारित्र निकामी होताच शेजारच्यांचा साठा त्यात लोटून स्फोट होऊ शकतो, ही जोखीम वेगळीच.

म्हणून निविदेत वस्तूच्या दराबरोबर प्रतिस्पंद खर्च मागितला जावा आणि तो खरेदीदाराने स्वतंत्र चाचणीने पडताळून पाहावा. चाचणीवरील खर्च हा खरेदीच्या किमतीचाच भाग होय. तो टाळल्याने वाचलेला पैसा पुढे सार्वजनिक तिजोरीतूनच, आणि बहुधा दामदुपटीने, भरावा लागतो.