बाजाराला ताप भरतो म्हणे

सरकार बदललं की पेपरवाले आधी दलाल स्ट्रीटची नाडी बघतात. बाजार खूश, बाजार नाराज. हा बाजार कोण? आमच्या गिरणीच्या रिंग खात्यात तर त्याला कुणी पाहिलेला नाही.

१७ मे २००४. लोकांनी वाजपेयी सरकार घालवलेलं, नवं यायचं होतं. सेन्सेक्स एका दिवसात ५६४ अंकांनी कोसळला. सौदे दोनदा थांबवले. भीती कसली? डावे म्हणाले, सरकारी कारखाने विकणारं खातंच मोडा. बस्स, एवढंच! २००९ ला डाव्यांच्या टेकूशिवाय सरकार येणार म्हटल्यावर १८ मेला हाच बाजार २,११० अंक उडाला. ४ जून २०२४ ला भाजपचं स्वतःचं बहुमत हुकलं, तर ४,३८९ अंक खाली.

आता हिशेब मांडा. शेअरचा भाव म्हणजे उद्याच्या नफ्याचा अंदाज. कारखाना विकला की धन्याचा नफा फुगतो आणि आपल्या राखीव जागा आटतात. खाजगी कंपनीला आरक्षणाचं बंधन नाही. त्यांची तेजी ती आपली मंदी.

बाजाराला जात नसते, असं कुणी शिकवील. त्याला सांगा, विलायतेहून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-सल्ल्याची कचेरी काढली होती. जात कळली, गिऱ्हाइकं पळाली.

बूथवर माणसाला एक मत. कंपनीत शेअरला एक मत. कुठल्या मोजणीनं देश चालायचा, एवढाच सवाल आहे. उद्या सेन्सेक्स पडला म्हणून कुणी तुमच्या मताला बोल लावला, तर विचारा त्याला: तुझ्या तेजीत माझी भाकरी कुठं होती?