काटा खरा की वायर खोटी?

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आमच्या वस्तीतले एक नवराबायको घरी आले. नवरा भाड्याने गाडी चालवतो. कर्ज काढून घेतलेली जुनी चारचाकी आहे. पांढरकवड्याहून कधी पेशंट नागपूरला न्यायचे, कधी लग्नाची मंडळी आदिलाबादला. चार दिवसांपासून गाडीचा टेम्परेचर काटा एकदम लाल पट्ट्यात जात होता. एका गॅरेजमध्ये सांगितले, हेड गॅस्केट गेले, इंजिन उघडावे लागेल, बारा हजार लागतील. बाईंनी विचारले, "भाऊजी, हप्ता भरावा की हेड उघडावं?"

मी म्हटले, आज काहीच करू नका. सकाळी गाडी गार असताना बघू.

सकाळी रेडिएटरचे पाणी पाहिले, पूर्ण भरलेले होते. नुसती चावी फिरवली, इंजिन चालू केले नाही, तर काटा सरळ लाल पट्ट्यात! रात्रभर गार पडलेले इंजिन एका क्षणात तापेल कसे? म्हणजे दोष पाण्यात नव्हता, विजेच्या जोडणीत होता. सेन्सरची वायर हाताने हलवली तर काटा खाली आला. एका पट्टीवर घासून वायरचे प्लास्टिक निघाले होते आणि तांबे इंजिनला टेकत होते. वीतभर वायर आणि थोडी टेप, एवढ्यावर काम भागले. बारा हजार वाचले, हप्ताही भरला गेला.

सेन्सर म्हणजे काय, हे समजले की भीती जाते. पितळेच्या छोट्या बोंडात एक खडा असतो. तो गार असताना विजेला जास्त अडवतो, तापला की कमी अडवतो. बहुतेक धातूंचे याच्या अगदी उलट असते. काही पदार्थांचा हा उलटा गुण मायकेल फॅरेडे यांनी १८३३ साली सिल्व्हर सल्फाईडवर प्रयोग करताना टिपून ठेवला. फॅरेडे लोहाराचे पुत्र. पुस्तक-बांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता तिथलीच पुस्तके वाचून शिकले.

वायर इंजिनला टेकली की काट्याला वाटते, अडथळा संपला, म्हणजे फार तापले. वायर तुटली की वाटते, सगळे गार आहे. म्हणून तपासणी या क्रमाने करावी.

पहिले, गार इंजिनवर पाणी बघा. दुसरे, चावी फिरवून काटा बघा. चावी फिरवताच वर गेला तर वायर, सेन्सर किंवा मीटरचा दोष. तिसरे, जुन्या गाडीत काट्याच्या सेन्सरला एकच वायर असते. ती काढली की काटा खाली यायला हवा. आला, तर सेन्सर खराब. नाही आला, तर वायर कुठेतरी टेकली आहे किंवा मीटर बिघडले आहे.

नव्या गाडीत दोन वायरींचा सेन्सर असतो आणि तो कॉम्प्युटरला खबर देतो. त्याच्या वायरी एकमेकींना किंवा इंजिनला लावून बघू नका. प्लग काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि सेन्सरच्या दोन पिनांना लावा. अशा बऱ्याच सेन्सरांत २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास मिळतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. इंजिन तापत जाईल तसा आकडा सावकाश उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली तर सेन्सर बदला. गॅरेजात स्कॅनर असेल तर सकाळी गार गाडीचा आकडा वाचायला सांगा. तो बाहेरच्या हवेइतका यावा. उणे ४० दाखवत असेल तर बहुधा वायर तुटली आहे किंवा प्लग निघाला आहे.

रेडिएटरचा पंखा फिरत नसेल तर फ्यूज, रिले आणि पंख्याचा स्विच बघा. काही गाड्यांत हा स्विच रेडिएटरवर वेगळा असतो. काट्याचा सेन्सर बदलून पंखा फिरणार नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या ओळखीच्या दुसऱ्या एका ड्रायव्हरभाऊंनी लाल काटा पाहून म्हटले, "सेन्सरच खराब आहे, चालू द्या." करंजीच्या अलीकडे काटा आपोआप खाली आला. ते खूश झाले. खरे तर पाणी गळून संपले होते आणि सेन्सर कोरडा पडला होता. कोरड्या सेन्सरला इंजिनची उष्णता नीट कळत नाही. पुढे थोड्याच अंतरावर इंजिन जाम झाले. म्हणून चालत्या गाडीत काटा लाल झाला, तर तो खराच समजा. गाडी बाजूला घ्या, बंद करा. लाल काटा अचानक गार झाला तर जास्तच सावध व्हा. शंका घ्यायची ती उभ्या, गार गाडीवर.

आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. झाकणाच्या दाबामुळे आतले पाणी १०० अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि सारे पाणी एकदम उसळून तोंडावर, हातावर येते. महामार्ग ४४ वर, म्हणजे आपल्या जुन्या सात नंबरवर, मे महिन्यात पारा ४५ कडे जातो. तिथे गाडी गार व्हायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. तेवढा वेळ सावलीत बसावे. भाजलेच तर वीस मिनिटे साधे पाणी सोडत राहावे. टूथपेस्ट, हळद लावू नये आणि दवाखाना गाठावा.

घरातल्या बायांसाठीही एक सांगणे. कुलंट चवीला गोड पण विषारी असते. ते स्वयंपाकाच्या भांड्यात काढू देऊ नका, अंगणात सांडू देऊ नका. लेकरे, शेळ्या, कुत्री तोंड लावतात.

इंजिन उघडायची वेळ कधी खरोखरच येते. पाणी रोज कमी होत असेल, धूर पांढरा येत असेल, ऑइल दुधासारखे झाले असेल, तर मिस्त्रीचे ऐका. पण त्याआधी "गार इंजिनवर काटा कुठे होता?" एवढे जरूर विचारा. या प्रश्नाला पैसे लागत नाहीत.